चोवीस विद्यार्थी, चार बाथरूम, एक मीटर: साताऱ्यातील एका घराच्या गरम पाण्याचा हिशोब

घर गोडोलीच्या बाजूला, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. दुमजली, खाली दगड-विटांचे जुने बांधकाम, वर निम्मा स्लॅब आणि निम्मा पत्रा. आठ खोल्या, खोलीत तिघे. माण, खटाव, पाटण, जावळीकडून शिकायला आलेली चोवीस मुले इथे भाड्याने राहतात. बाथरूम चार, दोन खाली आणि दोन वर. वीजमीटर एकच, सिंगल फेज. साताऱ्यात अशी घरे गल्लोगल्ली आहेत. त्यांत हमखास दिसणाऱ्या गोष्टी एका घरात एकत्र मांडून हे प्रकरण लिहिले आहे. उष्णतेचे आणि विजेचे आकडे हिशोबाचे आहेत, कोणालाही कागद-पेन्सिल घेऊन पडताळता येतील असे.

तक्रार बिलाची होती. एरवी महिन्याला २६० युनिट वापरणारे घर डिसेंबर-जानेवारीत ७६० युनिटवर जाई. वरच्या ५०० युनिटचे, त्या हंगामाच्या दराने आणि १६ टक्के वीज शुल्क धरून, साडेनऊ हजारांच्या आसपास रुपये होत. माणशी चारशे. घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढतो: पहिले १०० युनिट, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, मग त्यापुढे. वरच्या टप्प्याचा दर पहिल्याच्या दुपटीहूनही जास्त असतो. गरम पाण्याचे युनिट बेसिक वापराच्या डोक्यावर बसतात, म्हणून ते सगळे महागाच्या टप्प्यात पडतात. अशा घरात एक युनिट वाचवणे म्हणजे सर्वांत महाग युनिट वाचवणे, हे आधी समजून घ्यावे.

मुलांची पहिली मागणी मात्र रूम हीटरची होती. ती हिशोबात टिकली नाही. आठ खोल्यांत प्रत्येकी २ किलोवॉटचा हीटर रात्री चार तास लावला तर दिवसाला ६४ युनिट, महिन्याला १,९०० च्या वर. शिवाय आठही एकदम लागले तर ७० अँपिअर ओढतील, आणि घराचा मीटर ५-३० अँपिअरचा. साताऱ्याची थंडी पहाटेची आहे. डिसेंबर-जानेवारीत काही आठवडे पारा १०-१३ अंशांवर येतो आणि दुपारी अंगातला स्वेटर काढावा लागतो. एवढ्या थंडीत खोलीतली हवा तापवण्यावर पैसा घालणे चूक आहे. पैसा पाण्यावर घालावा, आणि खोलीतून उष्णता बाहेर जाणार नाही एवढे पाहावे.

पाण्याचा हिशोब सोपा आहे. एक युनिट वीज ८६० लिटर पाणी एका अंशाने तापवते. गच्चीवरच्या टाकीतले पाणी थंडीत पहाटे साधारण १८ अंशांवर असते. आंघोळीला ४२ अंशांचे लागते. म्हणजे २० लिटरच्या बादलीला २४ अंश चढवायचे: २० गुणिले २४ भागिले ८६०, म्हणजे ०.५६ युनिट. चोवीस बादल्यांचे दिवसाला साडेतेरा, महिन्याला ४०० युनिट. बिलात गेले ५००. मधले शंभर कुठे गेले, हे शोधण्यात या प्रकरणाचा निम्मा जीव होता.

ते तीन ठिकाणी सापडले. पहिले, बादल्या. बाजारात २० लिटरची म्हणून मिळणारी बादली काठोकाठ भरली की अनेकदा २३-२४ लिटर घेते, आणि भरताना ती काठोकाठच भरली जाते. दुसरे, रॉड. घरात १,५०० वॉटचे सहा-सात रॉड होते. एक बादली २२-२३ मिनिटांत आंघोळीजोगी होते; मुलगा रॉड लावून पुन्हा झोपतो किंवा अभ्यासाला बसतो, पाणी ६०-६५ अंशांवर जाते, मग त्यात थंड ओतून बादली सांडते. तिसरे, इन्स्टंट गिझरचा शॉवर. ३ लिटरचा, ३ किलोवॉटचा गिझर हिवाळ्यात मिनिटाला जेमतेम पावणेदोन लिटर पाणी ४२ अंशांवर देऊ शकतो. नळ मोठा सोडला की पाणी कोमट येते, म्हणून माणूस जास्त वेळ उभा राहतो. असा गिझर बादली भरायला चांगला, शॉवरला नाही.

युनिटपेक्षा मोठा धोका एकाच वेळी पडणाऱ्या भाराचा होता. ३ किलोवॉटचा एक गिझर १३ अँपिअर घेतो. चार लागले की ५२. सकाळी साडेसहाला मुख्य एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच, पडायचा. तो ३२ अँपिअरचा होता. कोणीतरी तो काढून ६३ चा बसवला. पडणे थांबले, पण महिन्याभरात मीटरपाशी न्यूट्रलची जोडणी जळाली. एमसीबी वायर वाचवण्यासाठी असतो. वायर तीच ठेवून एमसीबी मोठा करणे म्हणजे जळण्याची जागा एमसीबीवरून वायरवर ढकलणे. ही चूक साताऱ्यातच काय, कुठल्याही भाड्याच्या घरात सर्रास होते आणि ती जिवावर बेतणारी आहे.

पहिली दुरुस्ती म्हणून, उन्हावर पाणी तापवणाऱ्या सौर संचाचा विचार होण्याच्या आधी, एवढे केले गेले. ३२ चा एमसीबी परत बसवला. त्यामागे ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, घातला आणि अर्थिंगची तपासणी केली. प्रत्येक मजल्यावरच्या दोन गिझरना ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि मध्ये एक चेंजओव्हर स्विच दिला. एका मजल्यावर एका वेळी एकच गिझर चालतो, दुसरा चालूच होऊ शकत नाही. दोन गिझरचे २६ अँपिअर. त्यात १ एचपीची पाण्याची मोटर सुरू झाली की पुन्हा ३२ च्या काठावर. म्हणून मोटर रात्री दहानंतर. रॉड गोळा करून कपाटात ठेवले. बादल्यांना आतून रंगाची एक रेघ मारली, मापाने २० लिटर ओतून. एवढ्यावर पुढचे बिल ऐंशीएक युनिटने उतरले, आणि खर्च दहा हजारांच्या आत राहिला.

उरलेल्या चारशे युनिटला पर्याय कोणते, यावर घरमालक काका आणि मुले यांच्यात बरीच ओढाताण झाली.

परसात जुना तांब्याचा बंब होता. लाकडाची उष्णता किलोला ३,५०० किलोकॅलरी धरली आणि बंबात त्यातली तिसरा हिस्सा किंवा जरा जास्त पाण्यात उतरते असे मानले, तर चोवीस बादल्यांना दिवसाला ९-१० किलो लाकूड लागते. पावसात ओले लाकूड, पहाटे पाचला पेटवायला माणूस, आणि धूर. रोजच्यासाठी नाही, पण वीज गेलेल्या दिवसासाठी तो मोडीत न काढता उघड्या परसात ठेवला, हे योग्यच झाले.

गॅस गिझर स्वस्त वाटतो. दिवसाला सुमारे १.३५ किलो गॅस, म्हणजे १९ किलोची व्यावसायिक टाकी दोन आठवडे. परंतु या घरातल्या बाथरूमना हवेसाठी एकेक छोटी झडप आहे आणि हिवाळ्यात तीही मुले बंद करतात. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालला की प्राणवायू कमी पडून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही; माणूस गुंगून खाली बसतो आणि उठत नाही. गिझर बाहेरच्या भिंतीवर, मोकळ्या हवेत बसवता येत असेल तरच विचार करावा. इथे तशी भिंत नव्हती, म्हणून हा पर्याय तिथेच संपला. हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा हीट पंप एका युनिट विजेत साधारण तीन युनिटची उष्णता देतो आणि पावसाळ्यातही चालतो, पण एवढ्या क्षमतेचा घेतला तर सौर संचापेक्षा महाग पडतो. राहिला सौर संच.

किती लिटरचा? विक्रेते माणसे मोजून ५० लिटरने गुणतात. त्यापेक्षा बादली धरावी. सकाळी टाकीत ५५ अंशांचे पाणी मिळाले तर २० लिटर ४२ अंशांचे करायला १३ लिटर गरम आणि ७ लिटर थंड लागते. चोवीस जणांचे ३१२ लिटर. पाइपात अडकून वाया जाणारे धरून ३४५. आडव्या टाकीत गरम पाणी काढताना खालून थंड शिरते आणि मिसळते, म्हणून टाकीचे तीन चतुर्थांशच पाणी कामाचे धरावे: ४६०. म्हणजे ५०० लिटर. बादलीवर मग दुसरी रेघ आली, १३ लिटरवर: तिथपर्यंत गरम, पुढे थंड.

एक शक्कल लोक सुचवतात, की आंघोळीच्या वेळी थंड पाण्याची व्हॉल्व्ह बंद ठेवावी म्हणजे मिसळणार नाही. ती चालत नाही. गरम पाण्याचे तोंड टाकीच्या वरच्या अंगाला असते. खालून पाणी शिरले नाही तर वरचे बाहेर येतच नाही.

निर्वात काचनळ्यांचा, म्हणजे दुहेरी काचेमधली हवा काढलेल्या नळ्यांचा, संच घेतला: ५८ मिलिमीटर व्यासाच्या, १,८०० मिलिमीटर लांबीच्या ५० नळ्या. तांब्याच्या नळ्यांचा सपाट पॅनल टिकाऊ असतो, पण बोअरच्या जड पाण्याने त्याच्या बारीक नळ्यांत क्षार बसतो. बसाल्टाच्या काळ्या खडकातले बोअरचे पाणी सौर संचात घालूच नये. या घरात बोअर आणि नगरपालिकेचे नळपाणी एकाच टाकीत पडत होते. संचासाठी नळपाण्याची वेगळी टाकी केली.

इथे कोटेशनमधली नेहमीची पळवाट येते. थंड पाण्याच्या टाकीचा तळ सौर टाकीच्या माथ्यापेक्षा वर हवा, निदान फूटभर. ५०० लिटरच्या संचाची टाकी स्टँडसकट पाच फुटांवर जाते आणि घराची टाकी दोन फुटांच्या ओट्यावर होती. म्हणजे सात फुटी लोखंडी घोडी आणि त्यावर ५०० लिटरची नवी टाकी, चौदा हजारांचा खर्च, जो कोणत्याच कोटेशनमध्ये नव्हता. कोटेशन घेताना हा एक प्रश्न आधी विचारावा: थंड टाकीची उंची कोण करणार?

वजनाचेही पाहावे. पाण्यासकट संच साडेसहाशे किलोच्या बराच वर जातो. तो स्लॅबच्या मधोमध न ठेवता खालच्या भिंतींवर भार येईल असा, दक्षिणेकडे तोंड करून बसवला. साताऱ्याचा अक्षांश १७.७; थंडीसाठी कोन अक्षांशापेक्षा १५ अंश जास्त, म्हणजे ३२-३३. उन्हाळ्यात थोडी उष्णता कमी मिळते, पण तेव्हा हवी कोणाला?

सावलीची धास्ती सर्वांना अजिंक्यताऱ्याची होती. हिवाळ्यात सूर्य नैऋत्येकडे कलतो आणि डोंगर त्याच बाजूला. पण ऊन डोंगराआड जाते ते पाचच्या सुमारास, आणि तेव्हा उरलेल्या उन्हात दम नसतो. खरा अडथळा शेजारच्या गच्चीवरची पाण्याची टाकी होती: सकाळी साडेदहापर्यंत एक तृतीयांश नळ्या तिच्या सावलीत. संच चार फूट पश्चिमेला सरकवून प्रश्न सुटला. जागा ठरवण्याआधी डिसेंबरातल्या एका दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता गच्चीवर खडूने सावलीच्या कडा आखाव्यात. जूनमध्ये जागा पाहून ठरवू नये. २२ डिसेंबरला माध्यान्हीचा सूर्य इथे ४९ अंशांवरच असतो, सावल्या लांब पडतात.

पाइप सीपीव्हीसीचे, म्हणजे गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिकचे, पण टाकीतून निघणारे पहिले दोन मीटर जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे. सीपीव्हीसी ९३ अंशांपर्यंत तग धरतो, आणि मेच्या सुट्टीत पाणी न वापरता पडून राहिले तर टाकीच्या तोंडाशी त्याच्या जवळपास तापमान जाते. सगळ्या गरम पाइपांवर १३ मिलिमीटरचा काळा नायट्राइल फोम, आणि वरून अॅल्युमिनियमची पट्टी. पट्टी नसेल तर उन्हाने फोम दोन-तीन वर्षांत भुगा होतो. हवा जाण्याचा उभा पाइप थंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा दोन फूट वर काढला; तो कमी ठेवला की त्यातून चोवीस तास पाणी गळते.

पाणी भरले पहाटे, ऊन येण्याआधी. हा नियम मोडला तर रिकाम्या तापलेल्या नळ्यांत थंड पाणी शिरते आणि काच तडकते. पहिल्याच दिवशी चार-पाच नळ्या जाणारे संच याच कारणाने जातात.

बसवल्यावरही सगळे सुरळीत नव्हते. वर गरम पाणी येई, खाली थेंब थेंब. प्लंबरने पाइप कठड्यावरून वर चढवून पलीकडे उतरवला होता. त्या वळणात हवा अडकते, आणि टाकीच्या थोड्याशा उंचीच्या दाबाला ती ढकलता येत नाही. कठड्याला भोक पाडून पाइप सलग उताराने नेला आणि पाणी वाहू लागले.

दुसरी तक्रार: खालच्या मजल्यावर गरम पाणी यायच्या आधी सहा लिटर थंड वाहून जाते. पाऊण इंची पाइपात मीटरला पाव लिटर पाणी मावते, अंतर बावीस मीटर. म्हणजे साडेपाच लिटर कुठेही जात नाही, ते पाइपातच थंड झालेले असते. अर्धा इंची पाइप घातला तर अर्धेच वाया जाईल, पण वरच्या मजल्याला फक्त तीन मीटरचा दाब मिळतो, तिथे धार तुटेल. म्हणून पाइप तसाच ठेवला आणि वेळ बदलली: खालचे बाराजण सहा ते सव्वासात सलग, मग वरचे बारा. सलग वापरात पाइप एकदाच थंड निघतो. ते पहिले थंड पाणी एका बादलीत धरून कपडे भिजवायला वापरतात. ज्यांचे कॉलेज दुपारचे, त्या सहा जणांनी दुपारी बाराच्या आसपास आंघोळ करायची ठरवली. त्यांनी काढलेले पाणी उरलेल्या उन्हात बरेचसे पुन्हा तापते. रात्री काढलेले तापत नाही.

तिसरे, मिक्सर नळ. गरम आणि थंड पाण्याच्या टाक्या वेगवेगळ्या उंचीवर आहेत. मिक्सरचे दोन्ही कान उघडे ठेवून कोणी तोटी बंद केली की जास्त दाबाचे पाणी कमी दाबाच्या पाइपात शिरते आणि गरम पाइपातून थंड यायला लागते. मिक्सर काढून दोन साधे नळ लावले. पाच मिनिटांचे काम. पण कारण सापडेपर्यंत संचच खराब आहे म्हणून कंपनीकडे तक्रारी जात राहतात.

पुढच्या जानेवारीचे बिल ३१० युनिटचे. वरचे पन्नास ढगाळ दिवसांचे. त्यासाठी प्रत्येक मजल्यावर एकेक गिझर ठेवलाच आहे, वेगळ्या नळावर. पावसाळ्याची गोष्ट निराळी: जून ते सप्टेंबर ढग हटत नाहीत, पण पाणीही २४ अंशांच्या आसपास असते, त्यामुळे पूर्ण ढगाळ दिवसाला चोवीस बादल्यांना दहाच युनिट लागतात. पाचगणी-महाबळेश्वरला हेच गणित लावू नये; तिथे पावसाळा जास्त दाट आणि पाणी जास्त गार, तिथे हीट पंपाचा विचार आधी करावा.

आता खोल्या. पत्र्याखालच्या तीन खोल्या सर्वांत गार, कारण निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता थेट आकाशाला देऊन टाकतो आणि पहाटे खोलीतल्या हवेपेक्षाही थंड होतो. मुलांच्या श्वासाची वाफ त्याला लागून थेंब पडतात. पत्र्याखाली सहा इंच हवा सोडून सिमेंट-फायबर बोर्डाचे छत बसवले. थर्माकोल स्वस्त मिळतो, पण तो पेटतो आणि विषारी धूर सोडतो, झोपायच्या खोलीत नको. दारांच्या खालच्या फटीला रबरी पट्टी, खिडक्यांना जाड पडदे, शहाबादी फरशीवर सतरंजी, खाटा बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे. खिडक्या दुपारी सताड उघड्या, साडेपाचला बंद. वरची झडप मात्र कायम उघडी, तिघांच्या श्वासाला ती लागते. अंगावर गोधडी आणि वर माण-खटावकडची घोंगडी घेतली की दोन पातळ ब्लँकेटांहून जास्त ऊब राहते. शेगडी, निखाऱ्याची पाटी बंद खोलीत कधीच नाही. गॅस गिझरचाच विषारी वायू तिच्यातून निघतो.

पैशाचे असे ठरले. संच ७२ हजार, घोडी आणि टाकी १४, पाइप-फोम-मजुरी १६. एकूण एक लाख दोन हजार. २०२४ मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना छतावरच्या वीजनिर्मितीसाठी आहे, पाणी तापवणाऱ्या संचासाठी नाही. अनुदान मिळेल म्हणून थांबण्यात अर्थ नव्हता. खर्च काकांनी केला, कारण संच त्यांच्या घरावर राहणार. भाडे माणशी महिना १२० रुपयांनी वाढले. दहा महिन्यांचे चोवीस जणांचे २८,८०० होतात, साडेतीन-चार वर्षांत रक्कम वसूल. मुलांचे थंडीत माणशी साडेतीनशेच्या आसपास वाचतात, उन्हाळ्यात फारसे नाही. वर्षाचा ताळा मुलांच्या बाजूने थोडाच उजवा आहे, पण सकाळच्या रांगेचा आणि जळालेल्या वायरीचा त्रास गेला, तो पैशात धरलेला नाही.

करारात चार ओळी वाढवल्या. नळी तडकली तर बदलण्याचा खर्च काकांचा. नळीच्या टोकाचा चंदेरी भाग पांढरा पडला तर निर्वात गेला, तीही काकांनीच बदलायची. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीत, पहाटे टाकी रिकामी करून गाळ काढायचा आणि नळ्यांवरची धूळ पुसायची, हे मुलांनी. मेच्या सुट्टीत घर रिकामे असताना निम्म्या नळ्यांवर गोणपाट टाकायचे, शेवटी घर सोडणाऱ्याने. आणि रॉड कोणाच्या खोलीत सापडला तर त्या महिन्याचे ३०० युनिटवरचे सगळे बिल त्या खोलीचे.